चंद्र, रेल्वे आणि झेड बोझॉन: एका लाडक्या गोष्टीचं फेरवाचन

पार्टिकल फिजिक्सवरच्या लोकप्रिय व्याख्यानांत एक गोष्ट हमखास येते. जिनिव्हाजवळ जमिनीखाली जवळपास २७ किलोमीटर परिघाचं एक यंत्र होतं, लेप. त्यात फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा उगाचच वरखाली व्हायची. शास्त्रज्ञ चक्रावले. मग कळलं की हा चंद्राचा प्रताप. पुढे काही वर्षांनी ऊर्जा पुन्हा हलताना दिसली, आणि या वेळी आरोपी निघाली पॅरिसला जाणारी टीजीव्ही रेल्वे. प्रेक्षक हसतात, वक्ता पाण्याचा घोट घेतो, स्लाइड बदलते.

गोष्ट खरी आहे, त्यात वाद नाही. पण ती ज्या पद्धतीने सांगितली जाते, ती संशोधनात उतरू पाहणाऱ्या माणसाला चुकीचं शिकवते, असं माझं मत आहे. म्हणून आज मूळ पेपर समोर ठेवून ही गोष्ट जरा कडक नजरेने वाचूया. पेपर तीन आहेत. १९९५ चा भरती-ओहोटीवरचा आणि १९९८ चा रेल्वेच्या गळती-प्रवाहावरचा, हे दोन्ही 'न्यूक्लिअर इन्स्ट्रुमेंट्स अँड मेथड्स'मध्ये आले. तिसरा १९९९ चा, 'युरोपियन फिजिकल जर्नल सी'मधला, लेपच्या ऊर्जेचं कॅलिब्रेशन सांगणारा. तिन्हींत तिसरा सगळ्यात कंटाळवाणा आहे, आणि महत्त्वाचाही तोच.

आधी पणाला काय लागलं होतं ते बघा. लेपवर चार प्रयोग चालायचे: अलेफ, डेल्फी, एल३ आणि ओपल. एल३ मध्ये आपल्या कुलाब्याची टीआयएफआर सहभागी होती. त्यांच्या पेपरांच्या लेखक-यादीत ती सापडेल. या चार प्रयोगांनी मिळून झेड बोझॉनचं वस्तुमान काढलं: ९१.१८७५ जीइव्ही, त्रुटी ०.००२१ जीइव्ही. म्हणजे २.१ एमइव्ही. आता त्या २.१ चे घटक सोडवून बघितले तर सुमारे १.७ एमइव्ही एकट्या बीमच्या ऊर्जेच्या अनिश्चिततेतून येतात. आणि ही अनिश्चितता चारही प्रयोगांना सामायिक आहे. एरवी चार स्वतंत्र प्रयोगांची सरासरी घेतली की त्रुटी आटते. इथे तसं होत नाही, कारण चौघांनाही यंत्र तेच, बीम तोच. डिटेक्टर कितीही उत्तम बांधा, लाखो घटना गोळा करा, शेवटी आकडा अडतो तो चुंबकांच्या स्थितीपाशी.

एक छोटं गणित करून ठेवू, पुढे लागेल. लेपमध्ये बीमची ऊर्जा साधारण ४५.६ जीइव्ही असताना वळवणाऱ्या चुंबकांचं क्षेत्र जेमतेम ०.०५ टेस्ला होतं. ऊर्जेत १ एमइव्ही म्हणजे ४५,६०० मधला एक भाग. तेवढाच भाग क्षेत्राचा घेतला तर साधारण १.१ मायक्रोटेस्ला येतो. मुंबईत पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ४० मायक्रोटेस्लाच्या आसपास असतं. म्हणजे होकायंत्राला हलवणाऱ्या क्षेत्राचा चाळिसावा भाग इकडेतिकडे झाला, की झेडच्या वस्तुमानाचं गणित डळमळायला लागतं.

मग ऊर्जा मोजायची कशी? इथे लेपच्या लोकांकडे एक विलक्षण साधन होतं. वर्तुळात फिरता फिरता इलेक्ट्रॉनांचे स्पिन हळूहळू एकाच दिशेने रांगेत येतात, बीम ध्रुवित होतो. स्पिनची भोवऱ्यासारखी डुलण्याची वारंवारता थेट ऊर्जेवर अवलंबून असते. बीमची ऊर्जा भागिले ४४०.६५ एमइव्ही, इतक्या वेळा स्पिन एका फेरीत डुलतो. झेडच्या शिखरापाशी हा आकडा १०३.५ च्या जवळ येतो. बाहेरून बरोबर त्याच तालावर छोटे चुंबकीय झटके दिले की ध्रुवीकरण मोडतं. ताल माहीत आहे, म्हणजे ऊर्जाही कळली, आणि तीही १ एमइव्हीपेक्षा चांगल्या अचूकतेने. या पद्धतीला रेझोनंट डिपोलरायझेशन म्हणतात. पाठ्यपुस्तकात हिचं भरपूर कौतुक असतं, आणि ते योग्यच आहे.

पण पाठ्यपुस्तक एक गोष्ट सांगायला विसरतं: हे माप कधी घ्यायचं? ध्रुवीकरण साचायला तास तास लागतात, आणि दोन बीम एकमेकांवर आदळत असताना ते नीट साचत नाही. यंत्रात एकदा बीम भरला की काही तास टकरी चालतात. या एका भरण्याला 'फिल' म्हणतात. कॅलिब्रेशन व्हायचं ते बहुतेक वेळा फिल संपताना, टकरी थांबवून. थोडक्यात, ज्या तासांत डेटा घेतला त्या तासांत ऊर्जा मोजलेली नाही. ती मोजली नंतर. मधल्या काळासाठी होतं ते फक्त मॉडेल.

माझा सगळा मुद्दा या मधल्या काळाबद्दल आहे. चंद्र आणि रेल्वे ही त्या रिकाम्या जागेत दडलेली दोन उदाहरणं.

चंद्राचं आधी घेऊ. गिरगाव चौपाटीवर अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं आणि अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, हे कुणालाही विचारा. पाण्यासारखीच जमीनही फुगते, फक्त आपल्याला जाणवत नाही, कारण आपण तिच्यावरच उभे असतो. जिनिव्हाच्या परिसरात ही हालचाल उभ्या दिशेने २५ सेंटिमीटरपर्यंत जाते. त्यामुळे लेपचा परीघ सुमारे १ मिलिमीटरने बदलायचा. २७ किलोमीटरमध्ये एक मिलिमीटर! पण बीमला किती लांबीचा रस्ता कापायचा हे रेडिओ-लहरींची वारंवारता ठरवते, आणि ती पक्की बांधलेली असते. वर्तुळ ताणलं तरी बीम जुन्याच लांबीचा रस्ता धरतो, म्हणजे तो चुंबकांच्या मध्यापासून किंचित आत सरकतो. तिथे क्वाड्रुपोल चुंबकं त्याला थोडं बाहेरच्या बाजूला वळवतात आणि ऊर्जा घटते. हा परिणाम पाच हजार पटींहून अधिक मोठा होऊन दिसतो. त्यामुळे एका मिलिमीटरचे जवळपास १० एमइव्ही होतात. ११ नोव्हेंबर १९९२ रोजी लेपवर चोवीस तास ऊर्जा मोजत राहून हे पडताळलं गेलं, आणि मोजलेले बिंदू भरती-ओहोटीच्या वक्रावर सुरेख बसले.

आकृती देखणी आहे, म्हणून ती प्रत्येक स्लाइडवर असते. माझी पहिली तक्रार इथेच. या तिन्ही पेपरांत जितके परिणाम आहेत, त्यात चंद्राचा परिणाम सगळ्यात कमी काळजीचा. तो पंचांगासारखा आहे. पुढच्या वर्षीच्या कुठल्याही तारखेला किती वाजता परीघ किती असेल, हे आज काढता येतं. भूभौतिकशास्त्रज्ञांकडे त्याचं मॉडेल आधीपासून तयार होतं. एकदा तो गणितात घातला की उरलेली त्रुटी नगण्य. जे आधी वर्तवता येतं ते 'गूढ' म्हणून मिरवायचं, आणि जे वर्तवता येत नाही ते वाक्याच्या शेवटी एका शब्दात उरकायचं, हे उलटं झालं.

आता रेल्वे. १९९५ पर्यंत चुंबकांवर नजर कशी ठेवली जायची? बोगद्यातल्या चुंबकांना जो वीजप्रवाह जायचा, तोच प्रवाह बोगद्याबाहेर ठेवलेल्या एका संदर्भ-चुंबकातून जायचा. त्यातलं क्षेत्र एनएमआर प्रोबने मोजायचं आणि म्हणायचं, आतही हेच चाललं असणार. बोगद्यातल्या चुंबकांत तारांचे फ्लक्स लूप होते, पण त्यांनी मोजायचं तर चुंबकांचा प्रवाह खालीवर करावा लागतो. टकरी चालू असताना ते शक्य नव्हतं.

संदर्भ-चुंबक नीट नेटकं होतं, आणि घोळ त्या नीटनेटकेपणातच होता. बोगद्यातल्या चुंबकांचे गाभे पोलादाच्या पत्र्यांमध्ये काँक्रीट भरून बनवलेले होते. त्यांचं तापमान फिलमध्ये बदलायचं. आणि त्यांच्या मधून बीमची धातूची नळी जायची. संदर्भ-चुंबकात ना काँक्रीट होतं, ना बीमची नळी. प्रवाह सोडला तर त्याचं आतल्या भावंडांशी साम्य कमीच. १९९५ मध्ये बोगद्यातल्या दोन चुंबकांत एनएमआर प्रोब बसवले, आणि लगेच दिसलं की क्षेत्र दिवसभर थरथरतंय, फिल पुढे जाईल तसं हळूहळू चढतंय, आणि मध्यरात्रीनंतर काही तास एकदम शांत होतंय.

मुंबईकराला हे वेळापत्रक ओळखीचं वाटायला हवं. रात्री एकच्या सुमाराची शेवटची लोकल गेली की पहाटे चारपर्यंत परळ-करी रोडच्या पुलाखाली जशी शांतता असते, तशीच ही. जिनिव्हाहून फ्रान्सकडे जाणारी रेल्वे १५०० व्होल्ट डीसीवर चालायची. डीसी गाडीचा प्रवाह वरच्या तारेतून येतो आणि रुळांमधून परत जातो. पण रूळ जमिनीवरच असतात, म्हणून त्यातला काही भाग जमिनीत गळतो आणि मिळेल त्या चांगल्या वाहकातून घरी परततो. लेपची बीमची नळी हा तसाच एक चांगला वाहक. त्यातून १ ॲम्पिअरच्या घरातला प्रवाह वाहायचा. चुंबकाच्या पोलादाला असे बारीक बारीक हिसके दिवसभर बसत राहिले की हिस्टरेसिसमुळे क्षेत्र दर हिसक्याला पूर्ण जागेवर येत नाही, किंचित वर सरकून राहतं. दाण्यांनी भरलेला डबा हलवत राहावा आणि दाणे बसत जावेत, तसं काहीसं.

गोष्टीत पुढे फ्रेंच रेल्वेचा संप येतो: संपाच्या दिवशी थरथर थांबली आणि चोर सापडला. लोकांना हा भाग फार आवडतो. माझी दुसरी तक्रार ही. संप हा पुरावा म्हणून लंगडा आहे. संपाच्या दिवशी कारखान्यांचा वीजवापरही बदलू शकतो, रस्त्यावरची वाहतूकही. १९९८ च्या पेपरचा खरा पुरावा वेगळा आहे आणि तो कितीतरी भक्कम आहे. रुळांवरचं व्होल्टेज, बीमच्या नळीतला प्रवाह आणि चुंबकातलं क्षेत्र, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी, एकाच घड्याळावर नोंदवल्या. गाडी स्टेशनातून सुटली की तिन्ही रेघा एकत्र उडी मारतात. कारण, वाहक आणि परिणाम एका आकृतीत. तुम्ही पेपर उघडणार असाल तर मजकूर सोडून आधी ती आकृती बघा. एखाद्या संशयाला पुराव्यापर्यंत कसं न्यायचं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं पटकन आठवत नाही.

तिसरी तक्रार जास्त गंभीर आहे, आणि तिच्यासाठी आपल्याला घरी, कुलाब्याला यावं लागेल. रेल्वेची गोष्ट सांगणारे बहुतेक वेळा एक वाक्य जोडतात: 'हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं!' आलं होतं. नव्वद वर्षं आधी. मुंबईत.

टीआयएफआरकडे जाताना वाटेत कुलाबा वेधशाळा लागते. ईस्ट इंडिया कंपनीने ती १८२६ मध्ये उभारली. १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मापं घेतली जाऊ लागली, आणि १८४६ पासून ती नियमित झाली. सप्टेंबर १८५९ चं प्रचंड सौर वादळ कुलाब्याच्या नोंदीत पकडलं गेलं. आजही त्या वादळाची तीव्रता काढायला जगभर ती नोंद वापरतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या घोड्यांच्या ट्राम विजेवर न्यायचं ठरलं. वेधशाळेचे संचालक तेव्हा नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस होते, या पदावर आलेले पहिले भारतीय. विजेची ट्राम आली की जमिनीत डीसी प्रवाह गळणार आणि चुंबकीय नोंदी नासणार, हे तेव्हाच्या वेधशाळांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून चुंबकीय उपकरणांसाठी खाडीपलीकडे अलिबागला नवी वेधशाळा बांधली गेली. पहिली विजेची ट्राम मुंबईत धावली ती मे १९०७ मध्ये. अलिबागची वेधशाळा १९०४ मध्येच सुरू झाली होती.

१९०४ आणि १९०७ या दोन तारखांमधलं अंतर महत्त्वाचं आहे. मूस यांनी कुलाब्याची उपकरणं उचलून अलिबागला नेली आणि काम संपलं असं झालं नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्ही ठिकाणी समांतर मापं घेतली गेली. त्यामुळे जुन्या जागेचा आकडा आणि नव्या जागेचा आकडा यांत नेमका किती फरक, हे मोजून कळलं, आणि १८४६ पासूनची मालिका न तुटता पुढे जोडता आली. आज कुलाबा-अलिबागची मालिका जगातल्या सर्वांत लांब चुंबकीय नोंदींपैकी मानली जाते, ती या दोन वर्षांच्या जोडकामामुळे. गंमत म्हणजे ज्या ट्रामला घाबरून हे सगळं केलं, ती ट्राम मुंबईतून १९६४ मध्ये गेलीसुद्धा.

त्यांना किती बारीक काळजी होती ते आकड्यात बघा. समजा जमिनीत १० ॲम्पिअर गळलेत आणि तुम्ही १०० मीटरवर आहात. सरळ तारेचं सूत्र लावलं तर क्षेत्र येतं २० नॅनोटेस्ला. चुंबकीय वेधशाळेला एकेका नॅनोटेस्लाची फिकीर असते. म्हणून ट्राम अजून रुळावर आलेलीही नसताना ते हलले. मुंबईत विजेची रेल्वे आली फेब्रुवारी १९२५ मध्ये, व्हीटी ते कुर्ला, तीही १५०० व्होल्ट डीसीवर; जिनिव्हाच्या त्या मार्गावर होता तोच दाब. आपल्या लोकल पूर्णपणे २५ हजार व्होल्ट एसीवर यायला २०१६ उजाडलं. म्हणजे सत्तर वर्षांहून अधिक काळ या शहरातल्या कुणाही भूचुंबकीय अभ्यासकाला विचारलं असतं, 'जमिनीत लांबलचक धातूची नळी पुरली आहे, शेजारून डीसी रेल्वे जाते, नळीभोवती नाजूक चुंबकं आहेत, काय होईल?', तर त्याने उत्तर द्यायला चहा संपेपर्यंतही वेळ घेतला नसता.

लेपच्या लोकांना हे माहीत नव्हतं म्हणून त्यांना नावं ठेवायचा माझा हेतू नाही. एक्सलरेटरवाल्यांच्या वाचनात भूचुंबकीय वेधशाळांचा इतिहास येत नाही, आणि त्यांच्या मशिनची किमया अफाट होती. पण 'कुणाला सुचलं नसतं' आणि 'आमच्या विषयात कुणाला माहीत नव्हतं' यात फरक आहे. पहिलं म्हटलं की माणूस हात झटकतो. दुसरं म्हटलं की शेजारच्या खात्याचं दार ठोठवावं लागतं.

आता १९९९ च्या मुख्य पेपरकडे. या पेपरने बीमच्या ऊर्जेचं एक लांबलचक सूत्र मांडलं आहे. फिलच्या ऊर्जेला एकामागून एक दुरुस्त्यांनी गुणायचं: चुंबकांचं तापमान, फिलदरम्यान चढणारं क्षेत्र, भरती-ओहोटी, बीमच्या कक्षेतला बदल, आडव्या करेक्टर चुंबकांचा परिणाम, वगैरे. ऊर्जा काही मिनिटांच्या अंतराने, प्रत्येक प्रयोगासाठी वेगळी काढलेली. हे काम वाचताना टोपी काढावीशी वाटते. प्रत्येक दुरुस्तीला तिची त्रुटी, आणि त्या त्रुटी कोणत्या वर्षांत सामायिक आहेत त्याचा तक्ता. आजही कित्येक प्रबंधांत याच्या निम्मीदेखील शिस्त दिसत नाही.

पण कमकुवत जागाही तिथेच आहे. झेडच्या वस्तुमानासाठी शिखराच्या दोन्ही बाजूंना मोजायचं होतं, आणि ते मुख्यतः १९९३ आणि १९९५ या दोन वर्षांत झालं. बोगद्यातले प्रोब १९९५ मध्ये आले. म्हणजे १९९३ च्या अख्ख्या डेटासाठी क्षेत्र कसं चढत गेलं हे कुणी आतून पाहिलेलंच नाही. १९९५ मध्ये दिसलेली चढण मागे नेऊन १९९३ ला लावली आहे. युक्तिवाद पटण्यासारखा आहे: चुंबकं तीच, रेल्वे तीच, वेळापत्रकही जवळपास तेच. शिवाय कॅलिब्रेशन फिलच्या शेवटी, म्हणजे क्षेत्र चढून झाल्यावर होत असल्याने, आधीच्या तासांची ऊर्जा काही एमइव्हींनी जास्त धरली जात होती. या दुरुस्तीची दिशा तरी निश्चित कळते. पेपरने त्रुटी फुगवून प्रामाणिकपणे लिहिली आहे. तरीही मूस यांनी जे केलं, ते इथे नाही. जुनी पद्धत आणि नवी पद्धत एकाच काळात शेजारी शेजारी चालवलेली नाही, कारण नवी पद्धत तेव्हा अस्तित्वातच नव्हती. १९९३ वरचा पूल एकाच काठावर बांधलेला आहे. तो कोसळलेला नाही, पण तो तसा आहे हे वाचताना लक्षात असायला हवं. लेपच्या पुढच्या पर्वात, ऊर्जा वाढवल्यावर, बोगद्यात असे १६ प्रोब बसवले गेले.

तुम्ही म्हणाल, हे सगळं जिनिव्हाचं. आम्ही एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, आम्हाला याचं काय? तर झीमन इफेक्टचा किंवा हॉल इफेक्टचा प्रयोग आठवा. इलेक्ट्रोमॅग्नेटचा करंट लावायचा, क्षेत्र गॉसमीटरने एकदा बघायचं किंवा भिंतीवर चिकटवलेल्या कॅलिब्रेशनच्या आलेखावरून वाचायचं, आणि पुढची दोन तास मापं घ्यायची. तो आलेख म्हणजे तुमचं संदर्भ-चुंबक. तो वेगळ्या दिवशी, कदाचित करंट वाढवत नेताना काढलेला आहे. तुम्ही करंट कमी करत आला असाल तर हिस्टरेसिसमुळे तोच करंट वेगळं क्षेत्र देतो. कॉइल तापते. तांब्याचा रोध दर अंशाला ०.३९ टक्क्याने वाढतो. पॉवर सप्लाय स्थिर व्होल्टेजचा असेल आणि कॉइल २० अंशांनी तापली तर करंट ७-८ टक्क्यांनी उतरलेला असतो. जर्नलमध्ये मात्र दोन तासांसाठी क्षेत्राची एकच ओळ. ही सवय आपल्याला कुणी मुद्दाम लावत नाही, जर्नलचा छापील तक्ताच लावतो: क्षेत्र वरच्या कोपऱ्यात एकदा, बाकी रकाने मापांचे. सुरुवातीला आणि शेवटी क्षेत्र मोजा एवढं सांगणारी प्रॅक्टिकलची पुस्तिका माझ्या पाहण्यात तरी नाही. या पुस्तिकांवर स्वतंत्र पोस्ट लिहावी लागेल.

टीआयएफआरच्या आवारातच बीएआरसी-टीआयएफआर पेलेट्रॉन आहे, १९८८ पासून चालू. टर्मिनल १४ दशलक्ष व्होल्टपर्यंत जाणारं यंत्र. तिथे ऋण आयन आत ओढला जातो, मध्ये त्याचे इलेक्ट्रॉन काढून तो धन केला जातो आणि तो पुन्हा ढकलला जातो. कार्बनचा ६+ आयन आणि टर्मिनल १० एमव्ही असेल तर ऊर्जा साधारण (६+१)×१० म्हणजे ७० एमइव्ही. ही ऊर्जा पक्की करतो तो ९० अंशांत वळवणारा विश्लेषक चुंबक, आणि त्याच्या क्षेत्रावर एनएमआरची नजर असते. ऊर्जा क्षेत्राच्या वर्गावर अवलंबून असल्याने क्षेत्रात ०.१ टक्के गफलत म्हणजे ऊर्जेत ०.२ टक्के, या उदाहरणात १४० केइव्ही. कूलॉम बॅरिअरच्या खाली दोन अणुकेंद्रकांच्या मीलनाची शक्यता ऊर्जेबरोबर घातांकी वेगाने पडते. तिथे १४० केइव्ही ही किरकोळ बाब राहत नाही. चुंबक इथे सुकाणूही आहे आणि मोजपट्टीही. मोजपट्टी हलली तर हलल्याचं कोण सांगणार, हा प्रश्न लेपइतकाच इथेही आहे.

उलट बाजूचं एक उदाहरण देतो, कारण सगळ्याच तक्रारी करून चालणार नाही. एलएचसीवरच्या सीएमएस प्रयोगात टीआयएफआरचा मोठा वाटा आहे. २०१५ मध्ये सीएमएसच्या ३.८ टेस्लाच्या अतिवाहक चुंबकाला थंड ठेवणाऱ्या यंत्रणेत बिघाड झाला आणि काही डेटा चुंबक बंद असताना घेतला गेला. त्याच वर्षी ७५० जीइव्हीपाशी दोन फोटॉनांचा तो प्रसिद्ध उंचवटा दिसला होता. डिसेंबरमध्ये त्यांनी फक्त चुंबक चालू असतानाचा डेटा वापरला. नंतरच्या विश्लेषणात चुंबक बंद असतानाचा ०.६ व्यस्त फेम्टोबार्न डेटाही घेतला, पण तो चालू डेटात मिसळला नाही. वेगळा गट, वेगळे निकष, वेगळं कॅलिब्रेशन. उंचवटा २०१६ च्या डेटात विरला, ते वेगळं. चुंबकाची स्थिती बदलली म्हणजे प्रयोग बदलला, असं मानून वागणं कसं दिसतं, ते या पेपरमध्ये बघायला मिळतं.

आणि लेपच्या त्या मधल्या रिकाम्या तासांचं काय झालं? सर्नमध्ये पुढच्या मोठ्या वर्तुळाचा, सुमारे ९१ किलोमीटरच्या एफसीसी-इइचा, आराखडा चालू आहे. झेडचं वस्तुमान १०० केइव्हीच्या आसपासच्या अचूकतेने काढायचं ध्येय आहे, म्हणजे लेपपेक्षा वीसपट चांगलं. त्यात टकरी करणाऱ्या गुच्छांसोबतच काही गुच्छ फक्त ऊर्जा मोजण्यासाठी, टकरी न करता, फिरत ठेवायचे आहेत, आणि फिल चालू असतानाच, दर थोड्या मिनिटांनी, त्यांचं डिपोलरायझेशन करायचं आहे. मापन आणि डेटा एकाच वेळी, एकाच यंत्रात. अर्थात न आदळणाऱ्या गुच्छाची ऊर्जा आणि आदळणाऱ्या गुच्छाची ऊर्जा तंतोतंत एकच असते का, हा प्रश्न त्या आराखड्यात उघडाच आहे, आणि सध्या बरेच जण त्यावरच काम करत आहेत.